‘नवी’ एसएसडी, ९ हजार तास चाललेली

घरचा पीसी मध्येच अडकतोय म्हणून दुरुस्तीला देणार असाल, तर आधी हे वाचा. आमच्याकडे जे झालं ते कुणाच्याही घरी होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीन २०२१ मध्ये जोडून घेतलेलं, एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचं. विंडोज ११ टाकल्यापासून ते गचके द्यायला लागलं. दिवसातून दोन-चारदा, काहीही चालू असताना माऊस जागच्या जागी थिजायचा, गाणं लावलेलं असेल तर आवाज घर्रर्र करत अडकायचा आणि एक-दोन सेकंदांत सगळं पूर्ववत. मुलीचे ऑनलाइन क्लास याच पीसीवर चालतात, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

माणूस बोलायला गोड. पाच मिनिटं इकडे तिकडे क्लिक केलं आणि म्हणाला, “सर, डिस्क जातेय. आज ना उद्या डेटा उडेल. मशीन दुकानात न्यावं लागेल.” डेटा म्हटल्यावर कुठल्याही घरातलं माणूस घाबरतं, आणि त्यांचा धंदा त्याच भीतीवर चालतो. दोन दिवसांनी कॅबिनेट परत आला. नवी ५०० जीबीची एसएसडी (म्हणजे डेटा साठवणारी डिस्क), ‘बोर्ड सर्व्हिसिंग’ आणि विंडोज मिळून ६,८०० रुपये. बिल म्हणजे पॅडवर पेनाने लिहिलेला कागद. ना जीएसटी नंबर, ना एसएसडीचा सीरियल नंबर. जुनी एसएसडी मागितली तर “ती डेड झाली, टाकून दिली.”

त्याच संध्याकाळी पुन्हा गचका. फोन केला तर म्हणे, नवीन विंडोज आहे, सेट व्हायला वेळ लागतो. त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

रविवारी भाचा आला. त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. डिस्क स्वतःची हकीकत स्वतःतच नोंदवून ठेवते आणि हे सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. ‘पॉवर ऑन अवर्स’समोर, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली त्यासमोर, आकडा होता ९,२१४. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे आदल्या आठवड्यात ‘नवी’ म्हणून बसवलेली एसएसडी आधी कुठल्यातरी मशीनमध्ये वर्षभराहून जास्त चाललेली होती.

आणि मूळ दुखणं? त्याचा डिस्कशी संबंधच नव्हता. रायझनच्या काही मशीनमध्ये एफटीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग चालू असला की तो अधूनमधून मदरबोर्डवरच्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) चिपशी देवाणघेवाण करतो. ती लांबली की तेवढा वेळ अख्खं मशीन थबकतं. विंडोज ११ ला टीपीएम लागतं आणि एफटीपीएम हा त्याचाच एक प्रकार, म्हणून तेव्हा अनेकांनी तो भाग चालू केला. विंडोज १० वरही हे होत असे. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे जाहीरपणे मान्य केलं आणि त्या मे महिन्यापासून मदरबोर्ड कंपन्यांच्या बायोस अपडेटमधून उपाय येऊ लागला. आमच्या बोर्डाचा बायोस विकत घेतल्यापासून तसाच होता. भाच्याने कंपनीच्या साइटवरून अपडेट उतरवून टाकलं आणि गचके बंद. खर्च शून्य. तुम्ही करणार असाल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते आधी बघा. असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा लांबलचक नंबर) लिहून ठेवा, नाहीतर मशीन सुरू होताना तीच मागत बसेल. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, यूपीएस असेल तर उत्तम.

प्रत्येक गचका यानेच होतो असं नाही, डिस्कही खरंच खराब होते. पण ‘डिस्क गेली’ म्हणणाऱ्याला तुमच्यासमोर डिस्कची हेल्थ दाखवायला सांगा. एक मिनिटाचं काम आहे. जो टाळाटाळ करेल त्याच्या हाती कॅबिनेट देऊ नका. द्यायचाच असेल तर झाकण उघडून एसएसडी आणि रॅमच्या लेबलांचे फोटो काढा, सीरियल नंबर दिसतील असे. परत आल्यावर पैसे देण्याआधी ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपासच असतो.

पैशांपेक्षा मला त्या जुन्या एसएसडीचा घोर जास्त आहे. तिच्यात आमचे आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, घरातले सगळे फोटो होते. ती आता कुणाच्या मशीनमध्ये आहे कोण जाणे. भाग बदलला तरी जुना भाग आपल्याच मालकीचा असतो. तो बंद पडलेला का असेना, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आम्ही त्याच रात्री बदलले.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे, सोबत तो कागद आणि ९,२१४ चा स्क्रीनशॉट दिला आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पैसे मिळाले तर ठीकच, पण माझी पहिली मागणी जुनी एसएसडी परत द्या हीच आहे.