क्योल्श की आल्ट? एकच संध्याकाळ असेल तर कोलोनला बसायचं की ड्युसेलडॉर्फला

नोव्हेंबर जवळ आला, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचं मेडिका हे वैद्यकीय उपकरणांचं प्रदर्शन तोंडावर आलं की माझ्या फोनवर भोसरी-चाकणकडचे मेसेज सुरू होतात. प्रदर्शन ड्युसेलडॉर्फला आहे पण त्या आठवड्यात तिथली हॉटेलं परवडत नाहीत म्हणून रूम कोलोनला घेतलीये, एकच संध्याकाळ मोकळी मिळणारे, तर बिअर कुठे प्यायची ते सांग. दोन्ही शहरं ऱ्हाइन नदीवर, मधलं अंतर जेमतेम ४० किलोमीटर, लोकल गाडीने अर्धा तास, पण कोलोनची बिअर क्योल्श आणि ड्युसेलडॉर्फची आल्ट, आणि एकाची बिअर दुसऱ्याच्या गावात मागणं म्हणजे तुळशीबागेत उभं राहून मुंबईचं कौतुक करण्यासारखं आहे. कोणी मारत नाही, पण ऐकून घ्यावं लागतं.

आधी बिअरचं बोलू. आपण घरी जी पितो, किंगफिशर म्हणा किंवा हायनेकेन, त्या सगळ्या लागर. त्यात यीस्ट थंडीत हळूहळू काम करतं आणि तळाशी बसतं. एकोणिसाव्या शतकात बर्फाची यंत्रं आली आणि जर्मनीभर लागरच पसरली, ही दोन गावं मात्र जुन्या पद्धतीवर अडून बसली, म्हणजे यीस्ट जरा उबेत वर तरंगत काम करणार आणि मग तयार बिअर काही आठवडे थंडीत मुरवायची. आल्ट म्हणजे जुनं, नावच तिथून आलं. थोडक्यात पद्धत दोघांची भावकीतलीच आहे, फरक पडतो तो माल्ट (मोड आणून वाळवलेलं-भाजलेलं धान्य) आणि हॉप्समध्ये (बिअरला कडवटपणा देणारी फुलं). क्योल्श फिकट सोनेरी, गाळून स्वच्छ केलेली, हलकी, पहिल्या घोटाला वाटतं की बस एवढंच? आणि मग तिसऱ्या ग्लासाला कळतं की आपण थांबलोच नाहीयोत. आल्ट तांबूस तपकिरी, पावाच्या कडेसारखा खरपूस वास आणि शेवटी कडू. कडू म्हणजे कारलं नव्हे, मेथीच्या भाजीसारखं, की आवडत असेल तर त्यासाठीच खायची. अल्कोहोल दोघींत पाच टक्क्यांच्या आतबाहेर, त्यामुळे त्यावर ठरवू नका.

नावाची भानगड मात्र समजून घ्या, कारण दुकानात त्यावरच फसायला होतं. कोलोनच्या २४ ब्रुअरींनी १९८६ मध्ये एकत्र बसून करार केला की क्योल्श कशाला म्हणायचं, कुठे बनवायची, कसल्या ग्लासात द्यायची, आणि १९९७ पासून युरोपियन युनियननेही ते नाव राखून ठेवलंय. म्हणजे युरोपात बाटलीवर क्योल्श लिहिलेलं असलं की ती कोलोनची किंवा आसपासच्या दोनचार जुन्या ब्रुअरींची, विषय संपला. पण म्हणून सगळ्या सारख्या चांगल्या असं नाही, सिओन, गिल्डन, पेटर्स अशी नावं वेगवेगळी दिसली तरी ती एकाच मोठ्या समूहाच्या हातातली आहेत. आल्टला असलं कुंपणच नाही. सुपरमार्केटमध्ये सगळ्यात आधी हाताला लागते ती डीबेल्स, ती तर ड्युसेलडॉर्फची नाहीच, इसुम नावाच्या गावातली आहे. खूप लोक तीच बाटली हॉटेलवर नेऊन पितात आणि मला सांगतात की आल्टमध्ये काही दम नाही. अरे बाबांनो, आल्ट ही त्या जुन्या ब्रुअरीच्या दारात उभं राहून प्यायची गोष्ट आहे.

आणि ड्युसेलडॉर्फची खरी मजा इथेच आहे. यूरिगे (१८६२), शूमाखर (१८३८), फ्युक्सशेन (१८४८), श्ल्युसेल (१८५०) या चार जुन्या ब्रुअरी, २०१० मध्ये क्युर्त्सर हा नवा भिडू आला. शूमाखर सोडलं तर बाकी सगळी जुन्या शहरात एकमेकांपासून चालत दहा मिनिटांच्या आत. मी म्हणेन एकच जमत असेल तर यूरिगे. सगळ्यात कडू तीच, अजून अख्खी हॉप्सची फुलं वापरतात, माल्टचा गरम काढा उघड्या पसरट हौदात निववतात, आणि बिअर लाकडी पिंपातून नुसत्या उताराने ग्लासात येते, गॅसचा दाब वगैरे नाही, त्यामुळे पोटात तेवढी फुगत नाही. गंमत म्हणजे यूरिगे या शब्दाचा तिथल्या बोलीतला अर्थच तुसडा, खडूस असा आहे, पहिला मालक तसा होता म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. दुकानाला मालकाच्या स्वभावाचं नाव आणि वर ते मिरवायचं, हे पुण्याबाहेर कुठे होत असेल असं मला वाटलं नव्हतं. जानेवारी आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी ते श्टिके नावाची जरा दमदार आल्ट काढतात, नावाचा अर्थ कुजबुज, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांना कानात सांगायची बिअर. शूमाखरचीही अशीच एक स्पेशल आहे, लाट्सनबिअर, ती मार्च, सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी मिळते, आणि तो नोव्हेंबरवाला गुरुवार कधीकधी मेडिकाच्या आठवड्यातच पडतो, तेव्हा कॅलेंडर बघून ठेवा. कडू अजिबात झेपत नसेल तर सुरुवात शूमाखरनेच करा, त्यांची आल्ट जरा गोडसर आहे.

कोलोनमध्ये निवड वेगळ्या प्रकारची. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर कॅथेड्रल, आणि तिथून दोन मिनिटांवर फ्र्यू नावाचं बिअरघर, १९०४ चं. आता बिअर तिथे बनत नाही, कारखाना शहराच्या उत्तरेला गेलाय, टुरिस्टांची गर्दी असते, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नाही म्हणत नाही, कारण खोल्यांमागून खोल्या आहेत आणि जागा मिळून जाते. मला स्वतःला पेफगेन आवडतं, फ्रीझनश्ट्रासवरचं, १८८३ पासून मागच्या अंगाला बिअर बनते आणि पुढे विकली जाते, लाकडी टेबलं, अनोळखी माणसांना खेटून बसायचं, ज्यांना बोलायला कोणीतरी लागतं त्यांनी इथेच जावं. जुन्या बाजारचौकाजवळचं माल्झम्यूले १८५८ चं, १९९९ च्या जी-८ शिखर परिषदेला बिल क्लिंटन आले होते ते इथे येऊन बसले होते. त्यांची बिअर बाकीच्यांपेक्षा जरा भरीव, माल्टचा गोडवा जास्त. सगळ्यात जुनी झ्युनर, १८३० ची, पण ती नदीपलीकडे, एका संध्याकाळीत तिकडे धावू नका. हॉटेलवर बाटलीच घ्यायची असेल तर राइसडॉर्फ किंवा गाफेल, दोन्ही कुठेही मिळतात, आणि बाटलीत क्योल्श आल्टपेक्षा बरी टिकते असं माझं मत.

वाढायची पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखी आणि आपल्या माणसाला पहिल्यांदा गोंधळात टाकणारी. मोठा मग वगैरे नाही, बव्हेरियाचं, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या ऑक्टोबरफेस्टचं, डोक्यातून काढा. कोलोनला २०० मिलीचा सरळसोट काठीसारखा ग्लास, ड्युसेलडॉर्फला बहुतेक ठिकाणी २५० मिलीचा बुटका. वेटरला दोन्ही गावांत क्योबेस म्हणतात, तो निळ्या कपड्यात गोल ट्रे घेऊन फिरत असतो आणि तुमचा ग्लास संपला की न विचारता दुसरा ठेवतो, ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघ मारतो, बिल त्या रेघांवर. नको असेल तर पुठ्ठा ग्लासावर झाकण म्हणून ठेवायचा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी आपला सभ्यपणे नो थँक यू म्हणत राहिलो आणि आठ रेघा झाल्या. त्याच बैठकीत पाणी मागितलं तर क्योबेस साहेब म्हणाले, साबण आणि टॉवेलही आणू का. राग मानू नका, ते सगळ्यांनाच असं बोलतात, उलट नीट बोलला तर समजा त्याची तब्येत बरी नाही. पुठ्ठा मात्र हरवू नका.

खाण्याचं बघितलं तर शाकाहारी माणसाने डोळे झाकून कोलोन निवडावं. तिथे हाल्वे हान मागवा, शब्दशः अर्धा कोंबडा, पण कोंबडीचा संबंध नाही, राय धान्याच्या पावाबरोबर चीजची जाड चकती, कांदा आणि मोहरीची चटणी. माझ्या एका शाकाहारी मित्राने मेनूतला अर्थ वाचून तो नाकारला आणि वर स्वतःच्या मनाने कोलोनचं कॅव्हिअर मागवलं, जे रक्त घालून केलेलं सॉसेज निघालं. बटाट्याच्या किसाचे थालीपिठासारखे रीव्हकूके मिळाले तर सोडू नका, अंडं चालत नसेल तर आधी विचारा. ड्युसेलडॉर्फच्या ब्रुअरीत मांसाहाराचा जोर जास्त, डुकराची भाजलेली तंगडी फ्युक्सशेनला खावी, तिखटाची तलफ आली असेल तर तिथली मोहरीची चटणी नाकातून धूर काढते.

आता ठरवायचं तर असं. नुसती बिअर म्हणून बघाल तर माझं मत आल्टला, त्यातही यूरिगेला, उभ्याउभ्या बाहेरच्या गल्लीत तीन ग्लास, बास. चारपाच जण आहात, बसून गप्पा मारायच्यात, एकदोघे बिअर पीत नाहीत किंवा कडू चालत नाही, कोणी शाकाहारी आहे, तर कोलोन. गाडी रात्री उशिरा असेल तरी कोलोन, कारण स्टेशन पायाशी आहे, ड्युसेलडॉर्फला जुन्या शहरातून स्टेशनला यायला मेट्रो धरावी लागते. फक्त ११ नोव्हेंबरला कोलोनला फिरकू नका, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा मोसम उघडतो आणि टेबल सोडा, दारापर्यंत पोचणंही मुश्कील होतं.

आणि दोन्ही एकाच दिवशी करायचा हट्टच असेल तर दुपारी कोलोन, संध्याकाळी ड्युसेलडॉर्फ, याच क्रमाने. उलटं केलंत तर तीन यूरिगेनंतर क्योल्श पाण्यासारखी लागते, आणि तसं तिथे तोंडाने म्हणून बसलात तर साबण-टॉवेल खरंच येईल.