तालीम, चौकी की बोर्ड: पोरगं सापडलं तर जायचं कुठं?

सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं कुणाचा मोबाईल लांबवला किंवा रंकाळ्यावरच्या भांडणात कुणाचं डोकं फोडलं, की कोल्हापुरात आईबापाला आधी वकील आठवत नाही. आठवतात तालमीतले वस्ताद, नाहीतर नगरसेवक. खेड्यात तंटामुक्तीचे अध्यक्ष. तिथं मिटलं नाही तर पोलीस ठाण्यात ‘समज देऊन सोडा, साहेब’. तिथंही भागलं नाही तरच बाल न्याय मंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं बोर्ड. बहुतेक घरं याच क्रमानं जातात. माझं मत वेगळं आहे. प्रकरण किरकोळ असेल तर पोलीस ठाणं, पण कागदावर. गंभीर असेल तर सरळ बोर्ड. तालीम या दोन्हींच्या जोडीला हवी, त्यांच्या जागी नको.

तालमीचं आधी बोलू, कारण तिचे गुण खरे आहेत. मिटवामिटवी त्याच रात्री होते. ज्याचा मोबाईल गेला त्याला तो परत मिळतो, दवाखान्याचा खर्च भरून दिला जातो, आणि वस्तादांच्या एका नजरेचा जो धाक पोराला असतो तो कुठल्या साहेबाचा नसतो. पण बैठकीत ठरतं ते पोरगं कुणाचं आहे त्यावरून. पेठेतल्या घरचं असेल तर कान धरून माफी. शिरोली एमआयडीसीत कामाला आलेल्या परप्रांतीयाचं किंवा ऊसतोड टोळीतलं असेल तर आधी चोप, मग पोलीस. गुपित तर राहतच नाही, सकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळलेलं असतं. बोर्डापुढं गेलेल्या मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा छापली तर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कट्ट्यावरच्या चर्चेला असली भीती कुठली?

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे त्यानं हे का केलं, हे बैठकीत कुणी विचारत नाही. पैसे कुणाला द्यायचे होते, शाळा कधीपासून सुटली, मोबाईल कुणी आणायला सांगितला, घरी कोण मारतं, यातलं काहीच निघत नाही. नुकसानभरपाई ठरते आणि विषय संपतो.

एका बाबतीत मात्र बैठक बसवायचीच नाही. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं ते माहीत असलेल्या प्रत्येकावर कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. दाबलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आरोपी अल्पवयीन आहे म्हणून यातून सूट नाही. बैठकीला बसलेले पंचही यात अडकू शकतात, हे त्यांच्याच लक्षात नसतं.

आता पोलीस ठाणं. इथं कायदा काय म्हणतो आणि लोक काय समजतात यात फार अंतर आहे. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा, किमान सहायक फौजदार दर्जाचा. जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक, त्यात दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक महिला. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे गुन्हा निर्घृण, म्हणजे खुनासारख्या, वर्गातला नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर मुलावर एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरादाराची माहिती ठराविक नमुन्यात भरायची आणि ती बोर्डाकडे पाठवायची. अशा प्रकरणात शक्यतो ताब्यातही घ्यायचं नाही. घेतलंच तर लॉकअप नाही, बेडी नाही, वर्दीतला पोलीस नाही, जबाबावर मुलाची सही नाही, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बोर्डापुढं हजर करायचं. बोर्डाची बैठक त्या दिवशी नसली तर एका सदस्यापुढं हजर करता येतं, त्यामुळे ‘आज सुट्टी आहे, सोमवारी बघू’ हे उत्तर चालत नाही.

किरकोळ प्रकरणात ही वाट मला सगळ्यात चांगली वाटते. किरकोळ म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. साधी चोरी, मोबाईल हिसकावणं यातच येतं. कागद तयार होतो, पण तो गुन्हेगारीचा दाखला नसतो. अट एकच, नोंद खरोखर व्हायला हवी. दोन कानाखाली मारून, तासभर बाकावर बसवून, नोंद न करता सोडलं, की ते तालमीपेक्षाही वाईट. तालमीत निदान माफी तरी मागून घेतात. इथं मुलगा एवढंच शिकतो की ओळख असली की सुटता येतं. डायरीतल्या नोंदीचा नंबर विचारून घ्या. साहेबांना राग येईल, येऊ दे.

नोंदीला लोक घाबरतात ते भरतीपायी. सैनिक टाकळीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, जिथं पोरं पहाटे उठून पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळतात, तिथं ‘रेकॉर्ड खराब होईल’ या एका वाक्यावर शंभर प्रकरणं मिटवली जातात. ही भीती बरीचशी चुकीची आहे. बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं की बोर्डाच्या प्रक्रियेतून गेलेल्या मुलाला त्या दोषामुळे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत सरल्यावर ठरलेल्या काळानं कागद नष्ट करायचे असतात. सुप्रीम कोर्टानंही 2019 मध्ये केंद्रीय दलातल्या भरतीच्या एका प्रकरणात हीच बाजू घेतली. सोळा वर्षांवरच्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात प्रौढ धरून दोषी ठरवलं, तरच हे संरक्षण जातं. तरी पडताळणीच्या टेबलावर प्रश्न येतात, खेटे घालावे लागतात, हे खरं. पण बैठकीत मिटवलेल्या प्रकरणात सहा महिन्यांनी तक्रारदार फिरला, तर पोराच्या हातात दाखवायला काहीच नसतं.

बोर्ड म्हटलं की डोळ्यासमोर रिमांड होम येतं. निरीक्षणगृह हे त्याचं कायद्यातलं नाव, पण रिमांड होम हेच तोंडात बसलंय. प्रत्यक्षात जामीन हा नियम आहे आणि निरीक्षणगृह हा अपवाद. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, अशी कारणं असतील तरच नाही. म्हणून पहिल्या तारखेला वकिलाइतकीच गरज असते ती मुलाला आपल्याकडे ठेवून घेतो असं ठामपणे सांगणाऱ्या नातेवाईकाची. गल्लीत टोळीचा त्रास असेल तर गडहिंग्लजचा मामा किंवा भुदरगडची आत्या कामाला येते.

बोर्डात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य, त्यात एक महिला. कठडा नाही, उंच खुर्ची नाही, बैठक निरीक्षणगृहात किंवा जवळपास. तालमीत न विचारलेले प्रश्न इथं विचारणं सक्तीचं आहे. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. घर, शाळा, दोस्त, व्यसन, मुलावर आधी झालेला अत्याचार, त्याला कुणी मोठ्यानं वापरून घेतलंय का, हे सगळं त्यात येतं. शेवटचा मुद्दा सोडू नका. रील्समध्ये हत्यार घेऊन नाचणाऱ्या पोरांमागं बऱ्याचदा पंचविशीतला एखादा ‘भाऊ’ असतो, आणि मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

बोर्डाचीही कमजोर बाजू आहे. बारा तालुक्यांचा जिल्हा, चंदगडच्या टोकापर्यंतची गावं. घाईत लिहिलेला अहवाल शेजाऱ्याच्या दोन वाक्यांवर उभा राहू शकतो. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही झाली नाही तर ती बंद होते, पण गंभीर गुन्ह्यात तारखा पडत राहतात. अधिकारी घरी यायच्या आत वर्गशिक्षकांना भेटा. शाळेतली हजेरी, खेळातली प्रमाणपत्रं, कुस्तीची असतील तर तीही, त्यांच्या हातात द्या. वस्तादांचा खरा उपयोग इथं आहे. पोरगं रोज आखाड्यात येतं, मी जबाबदारी घेतो, असं त्यांनी अहवालासाठी सांगितलं तर त्याला वजन असतं. शेवटी बोर्ड समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन, समाजसेवा किंवा देखरेख ठरवू शकतं, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना ठेवतात ती जागा.

वय सोळा पूर्ण आणि गुन्हा निर्घृण, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असलेला, तरच प्राथमिक मूल्यांकनाचा, म्हणजे मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे बोर्डानं ठरवण्याचा, प्रश्न येतो. खून यात येतो. लोक ज्याला हाफ मर्डर म्हणतात तो खुनाचा प्रयत्न मात्र येत नाही, कारण त्याला किमान शिक्षा सांगितलेली नाही. जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं असे गुन्हे ‘गंभीर’, म्हणजे किरकोळ आणि निर्घृण यांच्या मधल्या, वर्गात बसवले आणि 2021 च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच आलं. त्यामुळे ‘आता मोठ्यांच्या कोर्टात जाणार’ असं कुणी घाबरवलं तर आधी कलम विचारा. मूल्यांकनात मुलानं गुन्हा केला का, हे बघत नाहीत. त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घडलं ती परिस्थिती बघतात. बोर्डात बालमानसशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, असं सुप्रीम कोर्टानं जुलै 2022 मध्ये सांगितलं. तज्ज्ञ बोलावला नसेल तर वकिलाला तेच धरून बसायला सांगा. अपील सत्र न्यायालयात, आणि त्यापुढं उच्च न्यायालयात जायचं तर ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. मुंबईची रात्रीची गाडी वाचली.

गाडीवरून आठवलं. पोरगं दुचाकी घेऊन कुणाला धडकलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ खाली पालक किंवा गाडीमालकच आरोपी होतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. तिथं तालीमही पोराआधी बापालाच वाचवायला बघते.

वकिलाचा खर्च हे बोर्ड टाळायचं कारण होऊ शकत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. स्वतःचा वकील करायचा असेल तर बोर्डापुढं काम केलेला करा. जिल्हा कोर्टात गाजलेला वकील इथं उलटतपासणीच्या आवेशात शिरला तर पोराचं नुकसानच करतो.

आणि कागद. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आपल्याकडं शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट 1 जून लिहिलेली पोरं थोडी नाहीत. पंधरा वर्षं दहा महिन्यांचा मुलगा त्या तारखेमुळे कागदावर सोळाचा ठरला, तर मूल्यांकनाच्या कक्षेत येतो. दोन्ही दाखले घेऊन जा, आणि तारखा जुळत नसतील तर ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.