महामार्गावरचा नवा पंप : नऊ महिने वापरल्यानंतर

लांज्याच्या बाजूला महामार्गावर गेल्या मे महिन्यात नवा पंप सुरू झाला. परदेशी कंपनीची भागीदारी असलेला आमच्या टापूतला हा पहिलाच. माझी डिझेलची पिकअप आहे. रत्नागिरीहून किराणा आणून वाड्यावाड्यांतल्या दुकानांना पोचवतो, आंब्याच्या दिवसांत पेट्या घेऊन वाशीला जातो. महिन्याला साधारण 400 लिटर डिझेल लागतं. घरात बायकोची स्कूटर आहे, ती पेट्रोलवर. नऊ महिने दोन्ही गाड्या तिथे भरल्या आणि दर वेळी किलोमीटर, लिटर, पैसे वहीत लिहिले. पंपाचं नाव लिहीत नाही. पंप चालवणारा माणूस इथलाच असतो, त्यामुळे त्याच कंपनीच्या पुढच्या पंपावर तुम्हाला वेगळाच अनुभव येऊ शकतो.

मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे : "काय रे, बाहेरचं पेट्रोल घालतोस का?" तसं काही नसतं. खासगी पंपांचा बराचसा माल गुजरातेतच, जामनगर आणि वाडीनारच्या रिफायनरीत तयार होतो. भांडवल आणि पाटी परदेशी. वाडीनारच्या कंपनीत (आताची नायरा) रशियाच्या रोसनेफ्टने 2017 मध्ये 49 टक्के हिस्सा घेतला, आणि रिलायन्सबरोबर ब्रिटनची बीपी आली, त्यांचा पहिला जिओ-बीपी पंप 2021 मध्ये पनवेलजवळ नावडे इथे उघडला. शेल तर 2004 पासून इथे पंप चालवते आहे. इंधन किती स्वच्छ असावं हे ठरवणारा बीएस-6 चा नियम एप्रिल 2020 पासून सगळ्यांना सारखाच आहे. कंपन्या वर आपापलं अॅडिटिव्ह, म्हणजे इंजिन साफ ठेवायचं रसायन, मिसळतात, त्याने फरक पडतो म्हणतात. माझ्या वहीत जुन्या पंपाच्या डिझेलवर लिटरला 13.1 चं अॅव्हरेज आहे, नव्याच्या डिझेलवर 13.3. घाट किती चढलो आणि गाडीत गोणी किती होत्या यावर त्याहून जास्त फरक पडतो, म्हणून अॅव्हरेजसाठी पंप बदला असं मी कुणाला सांगणार नाही.

मग मी तिथे का जात राहिलो? मापासाठी.

जूनमध्ये एकदा सकाळी गर्दी नव्हती, तेव्हा मी पाच लिटरचं माप मागितलं. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं हे माप ठेवावं लागतं आणि कुठलंही गिऱ्हाईक ते मागू शकतं. नोझलवर देवरुखकडची एक मुलगी होती. "थांबा हां काका" म्हणून ती आतून भांडं घेऊन आली. आधी थोडं डिझेल घालून आतली बाजू ओली केली, उलटं करून निथळू दिलं, सपाट फरशीवर ठेवलं. "झीरो बघा." मग नोझल आत घालून बरोबर पाच लिटर सोडले. फेस बसेपर्यंत आम्ही दोघं गप्प उभे होतो. मापाच्या गळ्यावरच्या काचेत डिझेल मधल्या रेघेच्या जेमतेम खाली थांबलं, साधारण 10 मिली कमी. नियमात पाच लिटरला 25 मिलीपर्यंत चूकभूल चालते. ते डिझेल तिने परत टाकीत ओतलं आणि विचारलं, "पेट्रोलचं पण बघायचंय का?" वीस वर्षं गाडी चालवतोय, असं मला कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

जुन्या पंपावर हेच माप मी दोन वर्षांपूर्वी मागितलं होतं. किल्ली मालकांकडे आहे, मालक गावाला गेलेत, असं उत्तर मिळालं. मागे गाड्यांची रांग होती, हॉर्न सुरू झाले, मी निघून आलो. तो अपमान अजून डोक्यात आहे. पैसे माझे, आणि माप मागितलं म्हणून चोर मीच ठरलो.

आता दराचं. पहिले अडीच महिने नव्या पंपावर डिझेल लिटरला रुपयाने स्वस्त होतं, नंतर दर सारखा झाला. 400 लिटरला 400 रुपये, म्हणजे घरच्या गॅसची जवळजवळ अर्धी टाकी. कमी नाही. पण वाट वाकडी करून जाणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. जाऊन येऊन आठ किलोमीटर जादा पडत असतील तर अर्ध्या लिटरहून जास्त डिझेल त्यातच गेलं, आणि टाकी भरून वाचले 35-40 रुपये. रस्त्यात पडत असेल तरच भरा.

खरा फरक कराचा आहे, आणि तिथे कुठल्याच कंपनीचं काही चालत नाही. आपल्याकडे पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. माझा सावंतवाडीचा मेहुणा बांद्याच्या पुढे पत्रादेवीला जाऊन गोव्यात टाकी भरतो, त्याला लिटरला सात-आठ रुपये वाचतात. एक रुपया सोडून त्याला इकडे कोण ओढणार?

पावसाची मला मोठी काळजी होती. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाला बसतं आणि तेच आपल्या गाडीत येतं. आपल्याकडचा पाऊस बघता कोकणात हे आधी तपासायला हवं. नव्या पंपावर पावसाळाभर रोज सकाळी टाकीत पट्टी सोडताना मी पाहिलं. पट्टीच्या टोकाला लेप लावलेला असतो, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. स्कूटर एकदाही अडली नाही. मात्र ऑगस्टमध्ये एकदा दीड दिवस डिझेलच नव्हतं, घाटात दरड आल्यामुळे टँकर वर अडकला होता. पाटी लावली नव्हती. रांगेत वीस मिनिटं उभा राहिल्यावर कळलं, आणि याचा मला राग आला. लाइट गेली की कार्डाचं मशीन बंद पडतं, ॲपचे पॉइंट रेंज असेल तरच जमा होतात. रोख जवळ ठेवा.

बाबांना या पंपावर भरवसा नाही. त्यांच्या लहानपणी घरात बर्मा-शेलचे रॉकेलचे चौकोनी डबे होते, रॉकेल संपलं की त्यात तांदूळ भरायचे. तेव्हा सगळ्या पाट्या परदेशीच होत्या. एस्सो 1974 मध्ये सरकारने घेतली, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स 1976 मध्ये. गेले ते परत का आले, असं बाबा विचारतात, आणि लगेच दाभोळच्या एन्रॉनवर, त्या अमेरिकन कंपनीच्या वीज प्रकल्पावर, येतात.

एन्रॉनची तुलना मला पटत नाही. तिथे महाग वीज घ्यायचा करार राज्याच्या गळ्यात होता, इथे मला पटलं नाही तर मी उद्या दुसऱ्या पंपावर जातो. पण बाबांच्या भीतीत तथ्य आहे. 2008 मध्ये कच्चं तेल भडकलं, सरकारी कंपन्यांना तोटा भरून मिळत होता, खासगींना नाही, आणि रिलायन्सने आपले सुमारे 1,400 पंप बंद केले. 2022 मध्ये एप्रिलनंतर सरकारी पंपांचे दर जागेवर थांबले, तेव्हा खासगींनी कुठे दर चढवले, कुठे विक्री आवळली. शेवटी जूनमध्ये सरकारला नियम काढावा लागला की परवाना घेतलेल्या प्रत्येक पंपाने ठरलेल्या वेळेत रास्त दराने माल विकलाच पाहिजे. देशातले दहातले नऊ पंप आजही सरकारी कंपन्यांचे आहेत, म्हणून त्या दोन्ही वेळी आपल्या गाड्या चालू राहिल्या. जुने पंप बंद पडून फक्त नवे उरले, तर आज रुपया सोडणारा उद्या काय भाव लावेल हे मला नको कळायला.

माझी या नऊ महिन्यांतली सगळ्यात मोठी कमाई जुन्या पंपावर झाली. दिवाळीच्या सुमारास तिथे गेलो तर हवेचं मशीन चालू होतं. मी ते चालू कधी बघितलंच नव्हतं. संडासाला कडी होती, आत पाणी होतं. पोरगा म्हणाला, "झीरो बघा दादा." जानेवारीत मी पुन्हा माप मागितलं, दोन मिनिटांत आलं. 15 मिली कमी, म्हणजे नियमात. त्यांचं मशीन कदाचित आधीपासूनच बरोबर असेल. मग ते माझ्यापासून इतकी वर्षं लपवलं कशाला?

तरी जुन्या पंपाचं एक देणं माझ्यावर आहे, ते इथे लिहायलाच हवं. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा आम्ही चार गाड्या भरून पाणी, तांदूळ, ताडपत्र्या घेऊन निघालो. एटीएम बंद, खिशात रोख नाही. त्या मालकांनी चारही टाक्या भरल्या आणि वहीत नुसतं माझं नाव लिहिलं. नव्या पंपावर उधारी नाही. तिथला मॅनेजर स्वभावाने चांगला आहे, पण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तशी सोयच नाही.

म्हणून सध्या स्कूटर पूर्णपणे नव्या पंपावर, आणि पिकअप आठवड्यातून एकदा इकडे, एकदा तिकडे. मार्चच्या मध्यावर पेट्या सुरू होतील. रात्री दहाला निघून पहाटे वाशीला पोचायचं असतं, तेव्हा टाकी लांज्यातच फुल करावी लागते. नव्या पंपाच्या मॅनेजरला सांगून ठेवलंय की डिझेल संपलं तर दोर बांधून पाटी लाव, गाड्या रांगेत उभ्या करू नकोस. त्याने होकार दिला आहे.