कार्व्हालो की पेपे? स्टॉपरने आधी कोणाचे सामने बघावेत

२००४ च्या उन्हाळ्यात पोर्तो या पोर्तुगालच्या फुटबॉल क्लबने रिकार्दो कार्व्हालोला इंग्लंडच्या चेल्सीला विकलं आणि त्याच उन्हाळ्यात मारितिमो क्लबकडून २१ वर्षांच्या पेपेला आणलं. एक गेला, दुसरा आला. आता दोघेही निवृत्त आहेत, कार्व्हालो २०१७ पासून आणि पेपे २०२४ पासून. पोर्तुगालच्या या दोन मध्यबचावपटूंपैकी शिकण्यासाठी आधी कोणाला बघावं, असं स्टॉपरच्या, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूच्या जागी खेळणारी पोरं आणि त्यांचे कोच विचारतात.

बक्षिसं मोजली तर पेपे पुढे आहे. देशासाठी त्याचे १४१ सामने, कार्व्हालोचे ८९. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा करंडक, पेपेकडे तीन, कार्व्हालोकडे एक. पण २०१४ च्या अंतिम सामन्यात पेपे बाकावरच होता आणि २०१७ च्या सामन्यातही खेळला नाही, मैदानात उतरला तो फक्त २०१६ ला. त्यामुळे करंडकांच्या हिशेबात फार अडकू नका. खेळातलं काय उचलता येतं, ते बघायचं.

कार्व्हालो जेमतेम सहा फुटांचा. अंगापिंडानेही दांडगा नव्हे. त्याचं सगळं काम चेंडू यायच्या आधीचं. पास सुटायच्या आत तो दोन पावलं पुढे सरकलेला असायचा, मग टॅकलची, म्हणजे पाय घालून चेंडू हिसकावण्याची, वेळच यायची नाही. चेल्सीत शेजारी जॉन टेरी असायचा. हवेतले चेंडू टेरीचे, जमिनीवरचे बरेचसे याचे. २००४-०५ च्या प्रीमियर लीगमध्ये चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. त्यात गोलरक्षक चेकचा आणि पुढे उभ्या मॅकेलेलेचा वाटा मोठा होता, हे खरं, पण टेरी-कार्व्हालो ही जोडी नसती तर तो आकडा दिसला नसता. चेंडू मिळाला की स्वतः घेऊन मधल्या फळीपर्यंत धावत जायचीही त्याला हौस होती. गंमत म्हणजे, संघाबाहेर बसवल्याबद्दल त्याने जाहीर नाराजी दाखवली तेव्हा चेल्सीचा प्रशिक्षक मोरिन्योने त्याची बुद्ध्यांक चाचणी घ्यायला हवी असा टोमणा मारला होता. खेळ वाचण्यासाठी नावाजलेल्या माणसाला!

पेपेची स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबमधली वर्षं वेगळीच. तो चुकीच्या जागी असला तरी वेगाच्या जोरावर वेळेत पोहोचायचा. बघायला झकास, पण पोरांच्या हाती यातून काही लागत नाही, कारण तो वेग शिकवता येत नाही. त्यात डोकं फिरलं की संपलं. एप्रिल २००९ मध्ये हेताफे क्लबच्या कास्केरोला खाली पाडून वर लाथा घातल्या, १० सामन्यांची बंदी बसली. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध खाली बसलेल्या म्युलरच्या डोक्याला डोकं लावलं, ३७ व्या मिनिटाला लाल कार्ड, आणि पोर्तुगाल ४-० ने हरलं. कार्व्हालोही काही संत नव्हता. २०११ मध्ये संघात जागा मिळत नाही म्हणून तो सायप्रसविरुद्धच्या सामन्याआधी देशाचं शिबिर सोडून निघून गेला आणि त्याच्यावरही बंदी आली. फरक एवढाच, की त्याचा राग मैदानाबाहेर निघाला.

माद्रिदमध्ये २०१० ते २०१३ दोघे एकत्र होते. एप्रिल २०११ च्या कोपा देल रे या स्पॅनिश करंडकाच्या अंतिम सामन्यात, बार्सिलोनाविरुद्ध, तेव्हा रेआलचा प्रशिक्षक असलेल्या मोरिन्योने कार्व्हालोला रामोसबरोबर मागे बचावात ठेवलं आणि पेपेला मधल्या फळीत सोडलं. रेआल १-० ने जिंकली. कोणाचं बळ कशात आहे, ते या एका संघरचनेत दिसतं.

म्हणून माझा कौल: उंची आणि वेग बेताचा असेल, म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळणाऱ्या बहुतेकांसारखा, तर आधी कार्व्हालो बघा, तोही २००३ ते २००६ मधला. २६ मे २००४ चा पोर्तोचा मोनॅकोविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आणि १ जुलै २००६ चा पोर्तुगालचा इंग्लंडविरुद्धचा विश्वचषकातला, दोन्ही जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेनच्या एकाच मैदानावरचे. दुसऱ्यात त्याच्यावर पाय दिल्याबद्दल इंग्लंडचा रूनी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. तेवढाच तुकडा बघून थांबू नका, चेंडू लांब असताना कार्व्हालो कुठे उभा आहे ते बघा.

पोरगा उंच, वेगवान आणि तापट असेल तर पेपे घ्या, पण पस्तिशीनंतरचा. वय वाढलं तसा तो जागा धरून खेळू लागला, कार्व्हालोच्या बराच जवळ आला. युरो २०२४ मध्ये ४१ व्या वर्षी त्याच्या दोन्ही बाजू चार दिवसांत दिसल्या. स्लोव्हेनियाविरुद्ध जादा वेळेत पाय घसरला, त्यांचा शेश्को एकटाच गोलवर गेला, गोलरक्षक दियोगो कॉश्ताने वाचवलं. मग फ्रान्सविरुद्ध अखेरच्या टप्प्यात ताज्या दमाच्या मार्कुस तुरामबरोबर धावत जाऊन त्याने चेंडू काढला.

एकच सामना बघायला वेळ असेल तर ९ मार्च २०२१ चा युव्हेंटसविरुद्ध पोर्तो. ५४ व्या मिनिटापासून पोर्तोचे दहाच जण, समोर रोनाल्डो, सामना जादा वेळेत. ३-२ ने हरूनही पोर्तो पुढे गेली, कारण दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत होती आणि तेव्हाच्या नियमाने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे गोल पोर्तोचे जास्त होते. पोर्तोत परतलेला ३८ वर्षांचा पेपे त्या रात्री पेनल्टी बॉक्समधून क्वचितच हलतो आणि आलेला जवळजवळ प्रत्येक क्रॉस त्याच्याच डोक्यावर पडतो.