पुण्याच्या रहदारीत येझदी रोडकिंग

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेली, अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) मोटारसायकल येझदी रोडकिंग आजही पुण्यात रोज वापरता येते, मात्र त्यासाठी मालकाच्या अंगी चिकाटी हवी. डावीकडची एकच दांडी आत दाबून वर फिरवली की किक होते आणि खाली आणली की गिअर, ही रचना नवख्याला गोंधळवते. पायाला वळण पडले की मात्र तिच्याइतकी सुटसुटीत दुसरी सोय नाही.

खरी कसोटी लागते ती लक्ष्मी रस्त्यासारख्या गर्दीत. इंजिनाला वाऱ्याखेरीज थंडावा नसल्याने रेंगाळत्या रहदारीत ते चांगलेच तापते, आणि पेट्रोलमध्ये ऑइल जरा सढळ हाताने पडले की स्पार्क प्लग काळा होऊन गाडी ऐन सिग्नलला बंद पडते. म्हणून टूलकिटमध्ये जादा प्लग, प्लगपाना आणि कॉन्टॅक्ट पॉइंट (प्लगला ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे टोक) घासायला पॉलिश पेपरचा तुकडा असावाच.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. नकली मालही तिथेच, त्याच काउंटरवर मिळतो. क्लच प्लेट घेताना जुनी सोबत नेऊन ताडून पाहिलेली बरी. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण, पर्यावरण कर आणि पीयूसी यांचा खर्च वेगळा धरावा लागतो. मायलेज मोजणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. दोन सायलेन्सरांचा तो घुमारा ज्याला आवडतो, त्याने इंजिन उघडून पाहणारा जाणता मिस्त्री आधी गाठावा आणि मगच गाडीचा सौदा करावा.