शाळेतलं सरकारी व्यसनमुक्ती शिक्षण : पुस्तिका चांगली, तासिका मात्र सापडत नाही

शाळेपर्यंत हे शिक्षण दोन खात्यांकडून येतं. सामाजिक न्याय मंत्रालयाचं नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालं, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्याच मंत्रालयाने 'नवचेतना' हे साहित्य काढलं. आरोग्य खात्याकडून येतो तो राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आणि त्यातली 'तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था' ही निकषांची यादी. शाळेला या दोन्हींसाठी फी नाही. आमचं मत असं : साहित्याला पहिला वर्ग, अंमलबजावणी काठावर पास.

'नवचेतना' सहावी ते अकरावीच्या मुलांसाठी आहे आणि तिचा भर जीवनकौशल्यांवर आहे, हे अगदी योग्य झालं. संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुधारून काढलेली प्रतिबंधाची मानकंही हेच सांगतात. नुसती माहिती, भीतीची चित्रं, व्यसनातून सुटलेल्या माणसाची आपबीती यांनी मुलांचं वागणं बदलत नाही. आठवड्याला एक अशा साधारण १० ते १५ तासिका, मुलांना बोलतं करणाऱ्या आणि प्रशिक्षित शिक्षकाने घेतलेल्या, यांचा उपयोग होतो.

घोडं अडतं ते इथेच. वेळापत्रकात या तासिकांना जागा नसते, म्हणून सगळा खर्च आणि उत्साह 'दिना'वर जातो. तंबाखूविरोधी दिन ३१ मे, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळी सुट्टी. अमली पदार्थविरोधी दिन २६ जून, तेव्हा शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि विदर्भात तर त्या आणखी उशिरा भरतात. प्रभातफेरी, शपथ, फोटो, अहवाल, की झालं. दिवाळीनंतरच्या सत्रात आठवड्याला एक तासिका पक्की राखून ठेवणाऱ्या शाळेला वेगळे पैसे लागत नाहीत, मुख्याध्यापकांची सही पुरते.

नकार द्यायला शिकवणारी तासिका कशी घ्यावी, हे नीट पाहायला हवं. ३५ मिनिटं, मुलं जोडीने. एकाने म्हणायचं, "घे रे चिमूटभर, काही होत नाही." दुसऱ्याने तीन तऱ्हांनी उत्तर द्यायचं : सरळ "नको", मग विषय बदलून, मग तिथून निघून. पाच मिनिटांनी भूमिका बदलायच्या. बिघडतं कुठे? शिक्षक दोन हुशार मुलांना पुढे बोलावून प्रसंग करवून घेतात आणि बाकीची चाळीस टाळ्या वाजवतात. सराव त्या दोघांचाच होतो.

उदाहरणं गावची हवीत. सिगारेट आणि सुईच्या चित्रात चंद्रपूरच्या मुलाला आपल्या गल्लीतला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, दिसत नाही. घरात दात घासायला मिश्री असते. ती भाजलेली तंबाखूच आहे, हे मुलीला कुणी सांगितलेलं नसतं. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन हुंगण्याचा विषयही टाळू नये. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के होतं, मोठ्यांत ०.५८. मात्र हुंगायचं कसं, याचा तपशील वर्गात कधीही सांगू नये.

तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत फलक, आचारसंहिता, जबाबदार व्यक्तीचं नाव हे कागदावर चटकन होतं. अडकतं ते १०० यार्डांच्या रेषेवर, म्हणजे शाळेभोवती जिच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे तिच्यावर. हे अंतर ९१.४४ मीटर, आणि नियमाप्रमाणे ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत सगळ्या दिशांनी मोजायचं असतं. बहुतेक जण टेप फाटकापासून रस्त्याने नेतात, त्यामुळे मागच्या बोळातली टपरी हद्दीबाहेर निघते. तंबाखू नियंत्रण कायद्यातल्या या बंदीच्या कलमाचा दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, तेव्हा टपरीवाल्याला बाल न्याय कायद्याचं कलम ७७ दाखवावं : मुलाला तंबाखू किंवा नशेचा पदार्थ दिल्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे.

पैशांचं म्हणाल तर रंग आणि फलक शेवटी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातूनच निघतात. ३१ ते १०० पटाच्या शाळेला हे अनुदान वर्षाला २५,००० रुपये ठरलेलं आहे. त्यातच किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, आणि किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. या शाळेकडून आणखी खर्चाची अपेक्षा करणं अन्याय आहे. जिल्ह्याला येणाऱ्या निधीतून बॅनर कमी करून प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक तयार करावेत. एकच तयार केला आणि त्याची बदली झाली, की शाळा पुन्हा शून्यावर.

मोजमापाची सोय या सेवेत सर्वांत कच्ची आहे. किती मुलांनी शपथ घेतली हा आकडा वर जातो, वागण्यात काय फरक पडला हा जात नाही. पहिल्या तासिकेआधी आणि वर्षअखेरीस निनावी चिठ्ठीवर तेच चार प्रश्न विचारावेत. नाव, हजेरी क्रमांक, अक्षर ओळखता येईल असं काही नको, फक्त खुणा. चिठ्ठ्या वर्गशिक्षकाने उघडू नयेत, नाहीतर पुढच्या वेळी सगळी उत्तरं "नाही" येतील. आणि एखादं मूल व्यसन करताना सापडलंच तर दाखला हातात देऊ नका. पालकांना एकांतात बोलवा आणि त्यांच्यासमोर १४४४६ ही मोफत हेल्पलाइन लावून द्या.