गोळीपेंड, वाढं आणि दोन शेळ्या : आठ महिने खाऊ घातल्यावर

दिवाळीनंतर आटपाडीच्या बाजारातून दोन गाभण उस्मानाबादी शेळ्या आणल्या, घरच्या दुधापुरत्या. दावणीला म्हशी आज्ज्याच्या काळापासून, त्यामुळं शेळीला काय घालायचं हे कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. गाव वाळवा तालुक्यातलं, हंगामात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट. त्याच्या जोडीला शेळीच्या गोळीपेंडीचं, म्हणजे गोळ्यांच्या तयार खुराकाचं, 50 किलोचं पोतं आणलं आणि निर्धास्त झालो.

वाढं पहिल्याच दिवशी वाया गेलं. शेळ्या कोवळं पान तेवढं खुडायच्या, बाकी पायाखाली. आणि पायाखाली गेलेल्या चाऱ्याला शेळी उपाशी राहील पण तोंड लावणार नाही. शिवाय वाढ्यात ऑक्झालेट असतं, ते कॅल्शियम अडवून धरतं. दुभत्या जनावराला नुसत्या वाढ्यावर ठेवायचं नसतं, हे नंतर कळलं.

गोळीपेंडीबद्दल सांगायचं तर माल वाईट नाही. जानेवारीत दोघी व्याल्या. करडं पिऊन झाल्यावर मोठ्या शेळीच्या धारेला अर्धा लिटर निघायचं, ते पेंड नीट मापून घालायला लागल्यावर पाऊण लिटरवर गेलं. एरवी शेळीमागे रोज अडीचशे ग्रॅम, वर दुधाच्या लिटरमागे साधारण साडेतीनशे, दोन वेळा विभागून. पण पोत्याच्या तळाचा भुगा त्या हुंगतात, वरचा ओठ उचलतात आणि मान फिरवतात. पाणी शिंपडून कालवला तर खातात, मात्र उरलेला दुपारपर्यंत आंबतो. जूनमध्ये पोतं फरशीवरच राहिलं, खाली ओल धरून बुरशीचे गड्डे झाले. आठ-दहा किलो उकिरड्यावर. आता फळीवर ठेवतो.

खरी चूक मार्चमधली. भावकीत वास्तुशांत होती, उरलेला भात घमेलंभर आणून दोघींपुढं ठेवला. ‘बघा कशा खातायत,’ म्हणून कौतुकानं उभा राहिलो. सकाळी मोठी उठेना. कान पडलेले, दात करकर वाजतायत, रवंथ बंद, डाव्या कुशीत हात दाबला तर आत पाण्यासारखं डुचमळतंय. डॉक्टरांनी येऊन खायचा सोडा पाजला, सुई दिली. भातातला स्टार्च पोटात झपाट्यानं आंबतो, आम्ल वाढतं आणि चारा पचवणारे जंतूच मरतात, असं त्यांनी सांगितलं. वाचली, पण तीन दिवस दूध नाही. त्या दिवसापासून नवीन काहीही घालायचं तर मूठभरापासून, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत.

आता सकाळी आधी कोरडं : कडब्याची कुट्टी नाहीतर तुरीचं भुसकट. मग पेंड. हिरवं उन्हं वर आल्यावर, दव सुकल्यावर. ओला लसूणघास रिकाम्या पोटी घातला की पोट फुगतं. बांधावरची शेवरी, बोरीच्या फांद्या जुडी बांधून तोंडाच्या उंचीवर टांगतो, म्हणजे नासाडी जवळजवळ नाहीच. सुबाभूळ आवडीनं खातात, पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून हिरव्यातला तिसरा हिस्सा, त्यापुढं नाही. आणि हिरव्याच्या ढिगावर भुलू नका, पाच किलोत चार किलो पाणीच असतं. पस्तीस किलोच्या दुभत्या शेळीच्या पोटात दिवसाला पाणी वगळून दीड किलोच्या आसपास चारा-पेंड जायलाच हवी.

पेंड पुन्हा घेईन का? घेईन, पण व्यालेल्या शेळीपुरतीच. भाकड असताना शेवरी आणि भुसकटावर भागतं. पोतं घेताना लेबल वाचा. युरिया घातलेली म्हशीची पेंड चालेल असं दुकानदार म्हणाला तर सरळ परत फिरा. खनिज मिश्रण मात्र रोज, त्यात काटकसर नको. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्याआधीच टोचून घेतली.

आई अजून माझ्या नकळत शिळी भाकरी देते. चतकोर असते, म्हणून मी बघून न बघितल्यासारखं करतो. परवा अख्खी दिसली तेव्हा मात्र बोलावं लागलं, तर म्हणाली, ‘तुझ्या घमेल्यापेक्षा लहानच हाय की रं.’